शेपटी दिसली म्हणून नाचू नका: यकृतपेशींवर कॉमेट अ‍ॅसे लावताना

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी आमच्याकडे येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, शेपटी कधी दिसणार?" डीएनए तुटलेला असला की विजेच्या प्रवाहात त्याचे तुकडे धन टोकाकडे सरकतात आणि मायक्रोस्कोपखाली पेशी धूमकेतूसारखी दिसते, ती ही शेपटी. म्हणूनच या चाचणीचं नाव कॉमेट अ‍ॅसे. अहो, शेपटी काय, निष्काळजीपणे काम केलं तरी दिसते. ती विषामुळेच आली हे दाखवताना घाम फुटतो.

आमचं विष म्हणजे मायक्रोसिस्टिन-एलआर. उन्हाळ्यात उजनीसारख्या जलाशयावर कुणी ऑइलपेंटचा डबा उपडा केल्यासारखा हिरवा थर येतो, तसल्या थरातलं मायक्रोसिस्टिस हे निळं-हिरवं शेवाळ ते बनवतं. (भाताच्या खाचरात खत म्हणून सोडतात ते याचे चुलत भाऊ. सरसकट सगळ्यांना शिव्या घालू नका.) हे विष स्वतः डीएनएला जाऊन चिकटत नाही. ते पेशीतली पीपी1 आणि पीपी2ए ही फॉस्फेट काढणारी एन्झाइमं बंद पाडतं. मग पेशीचा सांगाडा ढासळतो, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात, ते डीएनए खरवडतात, आणि दुरुस्तीचं कामही रखडतं. एवढं डोक्यात पक्कं असेल तर पुढची प्रत्येक पायरी का करायची ते कळतं.

विषाचा साठा मिथेनॉलमध्ये, काचेच्या कुपीत ठेवा. पाण्यात विरघळवून प्लॅस्टिकच्या नळीत ठेवलंत तर थोडं भिंतीलाच चिकटतं आणि तुम्ही वहीत लिहिलेला डोस खोटा ठरतो. कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी विष न दिलेल्या, पेशींनाही तेवढंच मिथेनॉल द्यायचं, विसरायचं नाही.

पेशी हेपजी2. अर्जेंटिनातल्या 15 वर्षांच्या एका मुलाच्या यकृताच्या गाठीतून आलेला हा वाण जगभर वापरतात, कारण तो वाढवायला सोपा. पण त्याची एक खोड आहे. मायक्रोसिस्टिन पेशीत शिरतं ते ओएटीपी नावाच्या वाहक प्रथिनांच्या दारातून, आणि हेपजी2 मध्ये ही दारं फार कमी. खऱ्या यकृतात ती भरपूर असतात. त्यामुळे तुमच्या प्लेटमध्ये परिणाम कमी दिसला म्हणून विष सौम्य, असं लिहून मोकळं होऊ नका.

वेळेचंही तसंच. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाच्या गटाने 2003 मध्ये दाखवलं की हेपजी2 मधली तूटफूट 4 तासांना सर्वात जास्त असते आणि नंतर उतरते. आमच्याकडे एकाने फक्त 24 तासांनी पेशी काढल्या आणि "काहीच नाही" म्हणून हिरमुसून बसला. 4, 12 आणि 24, तिन्ही वेळा घ्या. सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन हे दुसरं विष वापरणार असाल तर मात्र थांबावं लागतं. पेशीतल्या सायटोक्रोम एन्झाइमांनी त्याचं रूप पालटल्यावरच ते डीएनएला भिडतं.

आता सर्वात महत्त्वाचं. स्लाइड करण्याआधी ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींनाच निळं करणारा रंग) घालून जिवंत पेशी मोजा. मरणारी पेशी स्वतःच आपला डीएनए चिरफाळते. जिवंत पेशी 80 टक्क्यांच्या खाली गेल्या असतील तर मी तो डोस सरळ बाद करते, मग मुलं कितीही तोंड पाडोत.

स्लाइडवर आधी 1 टक्का साध्या अगारोजचा (जेलीसारखा गोठणारा पदार्थ) हात देऊन वाळवा. त्यावर 37 अंशांवरच्या, लवकर वितळणाऱ्या अगारोजमध्ये मिसळलेल्या पेशी घालून कव्हरस्लिप ठेवा. गार झाल्यावर ती उचलू नका, कडेने सरकवा. उचललीत तर थर दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन येतो आणि दिवस वाया. पुढे लायसिस, म्हणजे पेशी फोडून डीएनए उघडा करणं, फ्रिजमध्ये किमान एक तास. मग पीएच 13 च्या वरच्या अल्कलीत 20 ते 40 मिनिटं, आणि त्यातच सुमारे 25 व्होल्टवर 20 ते 30 मिनिटं वीज. हे सगळं अंधुक पिवळ्या उजेडात, ट्यूबलाइट बंद.

एका वर्षी माझ्या डाव्या बाजूच्या स्लाइड्सवर शेपट्या लांब, उजव्या बाजूला आखूड. आठवडाभर विषाला दोष देत होते. शेवटी सुताराकडून पाणसळ आणून वीज देण्याच्या टाकीवर ठेवली, तर ओटाच कललेला! एका कडेला द्रावण जास्त खोल होतं. तेव्हापासून पाणसळ आमच्याच खणात असते, आणि कंट्रोल व डोसच्या स्लाइड्स टाकीत सरमिसळ करून लावतो.

बर्फावर 5 मिनिटं हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन मुद्दाम डीएनए तोडलेल्या पेशींची एक स्लाइड प्रत्येक वेळी हवीच. तिथेही शेपटी नसेल तर तुमची वीज किंवा लायसिस फसलंय. जास्तीच्या स्लाइड्सना एफपीजी हे एन्झाइम द्या. ते ऑक्सिडेशनने बिघडलेल्या जागी डीएनए कापतं, म्हणून शेपटी वाढली तर तुटण्याचा मार्ग कळतो. मोजताना नावांवर कागद चिकटवून घ्या, आणि ते काम तुमच्याऐवजी मैत्रिणीला करू द्या.

निष्कर्ष लिहिताना एक हिशोब शेजारी मांडा. प्लेटमधला 1 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर हा डोस म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या 1 मायक्रोग्रॅम प्रति लीटर या मर्यादेच्या हजारपट. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, 2010 मध्ये मायक्रोसिस्टिन-एलआरला 2बी, म्हणजे "कर्करोगकारक असण्याची शक्यता", या गटात ठेवलंय. त्यापुढे एक शब्द जास्त लिहू नका.

उरलेलं द्रावण ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत तापवून) बेसिनमध्ये ओतायचं नाही. आपल्याकडे आईपासून सगळे "पाणी उकळून पी" सांगतात, पण हे विष उकळून मरत नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात सुमारे पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असं सांगावं लागलं होतं. आमच्याकडे ते ब्लीचमध्ये रात्रभर ठेवतात. झाकण लावून, वर तारीख टाकून.