पायलट व्हायला डिग्री लागते का? आधी मेडिकल टेस्ट करा, मग बोलू

"आधी बीएस्सी नाहीतर इंजिनिअरिंग कर, मग काय उडायचं ते उड", हे ज्याने घरी ऐकलं नाही असा मराठी पोरगा मला तरी अजून फ्लाइंगमध्ये भेटलेला नाही. तर सरळ सांगतो, आपल्याकडे एअरलाइनचा पायलट व्हायला डिग्री लागत नाही. डीजीसीएला (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) सीपीएलसाठी, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, हवं काय, तर फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी पास, वय 18 पूर्ण, क्लास 1 मेडिकल (कमर्शियल पायलटची आरोग्य तपासणी), डीजीसीएचे लेखी पेपर आणि 200 तास फ्लाइंग. कॉमर्सवाल्यांनो, तुम्ही पण घाबरू नका, ते दोन विषय एनआयओएसमधून (सरकारी मुक्त शाळा बोर्ड) देता येतात, आमच्यात एक बीकॉम झालेला होता त्याने तेच केलं.

डिग्रीपेक्षा बारावीचं मार्कशीट जास्त छळतं. त्याचं बोर्डाकडून व्हेरिफिकेशन आणायचं, मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षेसाठीचा ओळख क्रमांक) मिळणार, आणि तो नसेल तर पेपरला बसताच येत नाही. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, हा घोळ असेल तर आत्ताच निस्तरा, नंतर हेलपाटे घालून जीव जातो.

पेपरमध्ये 70 टक्क्यांना पास, 35 वर ढकलगाडी नाही. पण गणित फार भारी असतं अशी उगाच हवा आहे. नेव्हिगेशनमधला वन-इन-सिक्स्टी रूल घ्या, 60 नॉटिकल मैल गेलात आणि ट्रॅकपासून (ठरलेल्या मार्गापासून) 2 मैल बाजूला सरकलात तर चूक साधारण 2 अंशांची. बस्स, एवढंच, फक्त हे विमान चालवता चालवता, मांडीवर नकाशा ठेवून, रेडिओवर कोणीतरी बोलत असताना डोक्यात करायचं असतं. 200 तासांतले 100 तास तुम्ही स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची, आणि त्यात एक 300 नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे लांबचं उड्डाण). त्या दिवशी तुमचं बीएस्सी कोणी विचारत नाही.

मग डिग्री कुठे कामाला येते? एअरफोर्समध्ये. एनडीएतून गेलात तर तिथेच मिळते, एएफकॅटला (एअरफोर्सची पदवीधरांसाठीची प्रवेश परीक्षा) आधीच हवी. अमेरिकेत डेल्टा एअरलाइनने सुद्धा 2022 मध्ये चार वर्षांच्या डिग्रीची अट काढली, पण तिकडे ठरावीक एव्हिएशन डिग्री असेल तर एअरलाइनसाठीचे 1500 तास 1000 वर येतात, म्हणजे तिथे हिशोबच वेगळा. आपल्याकडे तशी सूट नाही.

दुसरी जागा म्हणजे बँक. खर्च 50 लाखांच्या पुढे जातो, टाइप रेटिंगचे (ठरावीक मॉडेलचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचे) वेगळे, आणि साडेसात लाखांवरच्या एज्युकेशन लोनला तारण मागतात. आम्ही गेलो त्या बँकेतले साहेब तीनदा विचारत होते "पण शेवटी डिग्री कुठली मिळणार?" लायसन्स मिळतं हे त्यांना पटेचना, बाबांनी शेतीचे कागद पुढे केले तेव्हा कुठे फाइल हलली.

माझं मत विचाराल तर तीन वर्षं कॉलेजात घालवून मग फ्लाइंग, हे नको. एअरलाइनमध्ये सिनियॉरिटी जॉइनिंगच्या तारखेवर चालते, जो आधी घुसला तो आधी कॅप्टनच्या रांगेत. पण डिग्री सोडूनच द्या असंही म्हणत नाही. सीपीएल झाल्यावर नोकरी लगेच लागेलच असं नाही, बरेच जण वर्ष-दोन वर्षं घरी बसतात, आणि मेडिकल अनफिट झालं की हातात लायसन्स असून उपयोग शून्य. म्हणून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए-बीकॉम बाजूला चालू ठेवा, फी परवडते. फक्त परीक्षेच्या तारखा फ्लाइंगशी आपटतात, ते इन्स्ट्रक्टरला आधीच सांगून ठेवा.

आणि हे सगळं मेडिकलनंतर. आधी डीजीसीएच्या पॅनलवरच्या डॉक्टरकडे क्लास 2 (सुरुवातीची तपासणी), मग क्लास 1. चष्मा असला तरी चालतो, लिमिटमध्ये हवा. रंग नीट ओळखता आले नाहीत तर मात्र गाडी तिथेच अडते, त्यामुळे फ्लाइंग स्कूलला अ‍ॅडव्हान्सचा एक रुपया द्यायच्या आधी डोळे तपासून घ्या.