प्रवेश घेताय? कोल्हापूरच्या पालकांनो, या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की तावडे हॉटेलपासून सायबर चौकापर्यंत कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. 'शंभर टक्के प्लेसमेंट', 'मर्यादित जागा', 'स्कॉलरशिपची हमी' वगैरे. फ्लेक्सवरच्या मजकुरापेक्षा काउंटरवर तोंडी जे सांगितलं जातं, ते जास्त महागात पडतं. तक्रार करायची वेळ आली की त्या तोंडी बोलण्याचा काडीचा उपयोग होत नाही.

जागा कोणत्या मार्गाने मिळते ते न विचारणं

सगळ्यांत मोठा फटका इथंच बसतो. गडहिंग्लज, भुदरगड, चंदगडकडून आलेल्या पालकांना काउंटरवर हमखास ऐकायला मिळतं, "काका, टेन्शन घेऊ नकासा, सीट आपल्याकडं ठेवलीया." ही ठेवलेली सीट म्हणजे बहुतेक वेळा संस्थास्तरावरची, लोकांच्या भाषेत मॅनेजमेंट कोट्याची. ती घेणं बेकायदा नाही. पण ती भरतानाही अर्ज मागवून गुणवत्ता यादी लावावी लागते, आणि शिष्यवृत्तीच्या बाबतीत ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, मिळालेल्या सीटसारखी नसते.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे आपण ज्याला ईबीसी म्हणतो ती, कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली, तिथंही तीच अट आहे. शिवाय खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या सवलतीतून वगळलेली आहेत. एकाच संस्थेचं कॉलेज आणि विद्यापीठ एकाच आवारात असेल तर गेट एक, बस एक, कॅन्टीनही एक. पण एकीकडे मुलीचं शिक्षण शुल्क माफ आणि दुसरीकडे पूर्ण भरायचं. वडिलांना हे कळतं महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीचा ऑनलाइन, फॉर्म भरायला बसल्यावर. तोवर पहिला हप्ता गेलेला असतो.

म्हणून एकच प्रश्न लेखी विचारा : हा प्रवेश कॅपमधून आहे की संस्थास्तरावरचा, आणि पदवीवर नाव कोणत्या विद्यापीठाचं येणार? 'शिवाजी विद्यापीठाशी संलग्न' असं सांगत असतील तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न कॉलेजांची यादी आहे. कॉलेजचं नाव नुसतं सापडून भागत नाही, तुमचा कोर्स त्यात आहे का ते पाहा.

व्हिजिटिंग कार्डामागचा आकडा खरा मानणं

फी सांगताना छापील कागद न देता कार्डाच्या मागं पेनानं आकडा लिहून देणारे लोक आहेत. तो आकडा तिथंच राहू द्या. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि कॉलेजनिहाय, वर्षनिहाय मंजूर फी त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. त्यात शिक्षण शुल्क वेगळं आणि विकास शुल्क वेगळं असतं. शिष्यवृत्तीचा हिशेब शिक्षण शुल्कावर होतो, म्हणून 'फी माफ' ऐकून निर्धास्त झालेल्या घरालाही विकास शुल्क, बस आणि मेसचे पैसे काढावेच लागतात. हे आधी धरून चाला.

आता पावती. ती घडी घालून खिशात टाकायच्या आधी उभ्या उभ्या वाचा. वर कॉलेजचं नाव आहे की ट्रस्टचं? कशापोटी पैसे घेतले, त्या रकान्यात 'शिक्षण शुल्क' आहे की 'देणगी' किंवा 'इमारत निधी'? प्रवेशाच्या बदल्यात देणगी घेणं महाराष्ट्रात 1987 च्या कायद्यानं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांच्या पीठानं 2002 मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात संस्थांना वाजवी शिल्लक ठेवायला मुभा दिली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही हेही सांगितलं. अर्थात, रोख घेणारा पावतीच देत नाही. पावती नसेल तर पैसे देऊ नका.

मूळ दाखले देऊन मोकळं होणं

दहावी-बारावीची मार्कलिस्ट आणि एलसी 'फाइलला लावायला' ठेवून घेतात आणि मुलाला दुसरीकडे सीट लागली की अडवतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या सूचनेनुसार संस्थेनं मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे असतात, स्वतःकडे ठेवायचे नसतात. फी परतीचे टप्पेही त्यातच आहेत : प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या 15 दिवस आधी रद्द केलं तर जवळपास सगळी फी परत, नंतर 90, 80, 50 टक्के, आणि अंतिम तारखेनंतर 30 दिवस उलटले की काहीच नाही. कॅपमधून घेतलेला प्रवेश मुदतीत रद्द केला तर 1000 रुपये कापून बाकी रक्कम मिळते. मात्र रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइन गेला पाहिजे. "फोनवर सांगितलंय सरांना" हे कुठंही ग्राह्य धरलं जात नाही.

पॅकेज आणि शिक्के बघून भुलणं

फ्लेक्सवरचं पॅकेज एका मुलाचं असतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना किती मुलांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, ही माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर द्यावी लागते. ती उघडा. आयएसओ प्रमाणपत्राचा पदवीच्या मान्यतेशी काही संबंध नाही. डी. फार्मसीला फार्मसी कौन्सिलची आणि नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही, मग भिंतीवर कितीही शिक्के असोत. पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठांना आणि संसदेच्या कायद्यानं तो खास दिलेल्या संस्थांना आहे. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी स्वतः जाहीर करतं.

तक्रार चुकीच्या दारात नेणं

पालक आधी ग्राहक मंचाकडे धाव घेतात. 2020 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत असा निकाल दिला, कोचिंग क्लासेस मात्र येतात. म्हणजे नीटच्या क्लासनं फसवलं तर ग्राहक आयोग, कॉलेजनं फसवलं तर रस्ता वेगळा. फी जास्त घेतली तर शुल्क नियामक प्राधिकरण, कॅप प्रवेशात गडबड असेल तर सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष. बाकीच्यासाठी यूजीसीचे 2023 चे विनियम आहेत. माहितीपुस्तिकेत खोटी माहिती देणं, जाहीर केलेल्यापेक्षा जादा पैसे मागणं, दाखले अडवणं या सगळ्या गोष्टी त्यात तक्रारीचे विषय म्हणून नोंदलेल्या आहेत. आधी कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडे जायचं, तिथं दाद लागली नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे. अर्जाला पावती, माहितीपुस्तिकेचं ते पान आणि व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचे स्क्रीनशॉट जोडा, आणि आवक विभागाच्या शिक्क्यानिशी पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.