प्रदर्शन तोंडावर आले की ‘अजून थोडे’ : या चुका टाळा

मुंबईत एकल प्रदर्शन भरवायचे ठरवले, तर काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनाची तारीख मिळण्यासाठी बहुधा काही वर्षे थांबावे लागते आणि एवढ्या प्रतीक्षेनंतर हाती येतो तो एकच आठवडा. त्यामुळे भिंतीवर जाणारे प्रत्येक चित्र निर्दोष असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की, चार महिन्यांपूर्वी पुरे झाले म्हणून कपाटामागे सरकवलेले चित्र याच धास्तीने पुन्हा ईझलवर चढते.

यातली सर्वांत महागडी चूक म्हणजे शेवटच्या पंधरवड्यात तैलचित्राला हात लावणे. तैलरंग पाणी उडून जाऊन वाळत नाहीत. त्यातले तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते, आणि जाड थराच्या बाबतीत ही क्रिया आतपर्यंत पोहोचायला महिनोन्‌महिने लागतात. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग लवकर वाळतो, अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रेंगाळतो, आणि मुंबईच्या दमट हवेत सगळेच अंदाज चुकतात. खालचा थर आतून ओला असताना त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला, लवकर वाळणारा रंग दिला, तर पुढे तडे जाण्याचा धोका असतो. माझ्या पहिल्या प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी मी एका समुद्रचित्राचे आकाश पुन्हा रंगवले. बोटाला रंग लागत नव्हता म्हणून निर्धास्तपणे बबल रॅपमध्ये गुंडाळले आणि टेम्पोत चढवले. दालनात उघडले, तेव्हा संध्याकाळच्या त्या आकाशावर फुगवट्यांचे वर्तुळाकार ठसे ओळीने उमटलेले होते. मूळ आकाशात काय वाईट होते, हे मला आज आठवतही नाही.

तेव्हापासून मी तारीख उलटी मोजतो : जाड लेपनाचे चित्र प्रदर्शनाच्या किमान तीन महिने आधी थांबवायचे, पातळ थरांचे सहा आठवडे आधी, आणि त्यानंतर काही सुचलेच तर ते नव्या कॅनव्हासवर करायचे. अंतिम व्हार्निशचा हट्टही धरू नये, कारण त्यासाठी तैलचित्राला साधारण सहा महिने ते वर्षभर वाळू द्यावे लागते. तोवर रिटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या पातळ व्हार्निशचा, एक हात पुरतो.

चित्र ‘बिघडले आहे’ असे वाटले, तर ब्रश उचलण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. गडद भाग निस्तेज, करडे आणि चट्ट्याचट्ट्यांचे दिसत असतील, तर बहुतेक वेळा रंग चुकलेला नसतो. खालच्या थराने वरचे तेल शोषून घेतलेले असते. तो भाग वाळलेला असल्यास जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात देऊन मऊ कापडाने पुसून घ्यावा. मूळ रंग परत वर येतो. ज्यावर नवा रंग चढवायला आपण निघालो होतो, तो दोष पाच मिनिटांत नाहीसा झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. दुसरी गोष्ट प्रकाशाची. आपल्यापैकी बरेच जण नोकरी सांभाळून रात्री पांढऱ्या ट्यूबलाइटखाली रंगवतात, तर दालनातले दिवे पुष्कळदा पिवळसर असतात. ट्यूबखाली थंड वाटणारा करडा तिथे ऊबदार होतो. म्हणून रात्री अकरा वाजता रंगसंगतीचा निकाल देऊ नये. सकाळी खिडकीजवळ आणि नंतर पिवळ्या दिव्याखाली चित्र पाहावे.

या टप्प्यावर कोणी तरी अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचा दाखला देतोच की, ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. खरे आहे, पण त्यांचा वेळ मुख्यतः चित्राआधीच्या चिंतनात जात असे. पूर्ण झालेले चित्र आठव्यांदा खरवडण्याला तो आधार होऊ शकत नाही, असे माझे मत आहे.

कॅटलॉगसाठी छायाचित्र काढून झाल्यावर चित्र बदलणे टाळावे, नाही तर छापलेले एक आणि भिंतीवरचे दुसरे असा घोळ होतो. मनोगताच्या तेराव्या मसुद्याबद्दल तर बोलायलाच नको; दीडशे शब्द लिहावेत, चित्रकार नसलेल्या शेजाऱ्याला वाचून दाखवावेत आणि छापायला द्यावेत.

सारी शक्ती कॅनव्हासच्या एका कोपऱ्यात खर्ची घातल्यावर डिस्प्लेसाठी काहीच उरत नाही, आणि पाहणाऱ्याला खटकतो तो डिस्प्लेच. चित्रे लावायला हातात मोजकेच तास असतात, त्यामुळे कोणते चित्र कुठे, हे आधीच कागदावर मोजून ठरवावे. लहानमोठ्या चित्रांच्या वरच्या कडा जुळवत बसण्यापेक्षा प्रत्येकाचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवावा. दोन चित्रे कमी लावली तरी चालेल, पण दाटी नको. दमट हवेत सैल पडलेला कॅनव्हास चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलकेच ठोकून ताणून घ्यावा. लेबलवर शीर्षक, माध्यम, आकार व वर्ष असावे आणि ते किमतीच्या यादीशी ताडून पाहावे. दालनात जाताना हातोडी, मोजपट्टी, लेव्हल, चिकटपट्टी आणि लेबलांच्या काही जादा प्रती घ्याव्यात. रंगांची पेटी मात्र घरीच राहू द्यावी.