टॉर्च आधी तुम्हीच मारा

तुम्ही विकायला काढलेली कॅमेऱ्याची जुनी लेन्स घ्यायला येणारा चिकित्सक माणूस टॉर्च मारून बघणारच. मग आधी आपणच मारावी. मागून मोबाइलचा उजेड टाकून काढलेला फोटो जाहिरातीतच द्या. आतले धुळीचे दोन-चार कण फोटोत उमटत नाहीत, हेही तिथेच लिहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर मात्र ती बुरशी. ठाण्याच्या दमट पावसाळ्यात ती सहज येते, लपवू नका.

भेटायला तलावपाळी बरी, दिवसाउजेडी. घेणाऱ्याला स्वतःचा कॅमेरा आणायला सांगा, अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवून आणि एफ/८ला, म्हणजे ते लहान करून, फोटो काढू द्या. एवढं करूनही ‘दादा, फायनल किती?’ येतंच! पैशांचा स्क्रीनशॉट नको, खात्यात रक्कम दिसली की लेन्स द्या.