फीच्या सवलतीचा अर्ज : हलाखी लिहायची कशी?

जून उजाडला की आमच्या सेवा केंद्रात कॉलेजच्या अर्जांची झुंबड. सगळ्यांचं म्हणणं एकच, "ताई, परिस्थिती हलाखीची हाय म्हणून लिवा की." लिहिते, पण एकदाच. बिकट, दयनीय, अत्यंत नाजूक अशी भरताड केलेले अर्ज ऑफिसात ढिगानं पडलेले असतात. वाचणाऱ्याला कळायला हवं की यंदाच काय झालं.

म्हणून आधी विचारते. चिखलीच्या एक मावशी आल्या, "लई वंगाळ दिस आल्यात" यापलीकडं बोलेनात. खोदून विचारल्यावर एकेक निघालं आणि अर्ज असा झाला :

"आमचे घर दोन म्हशी आणि अर्धा एकर ऊस यावर चालते. मार्चमध्ये एक म्हैस आटल्याने दर दहा दिवसांचे दूध बिल निम्म्यावर आले आहे. उसाचे बिल अद्याप जमा नाही. तरी मुलीची फी तीन हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळावी. पहिला हप्ता आज भरत आहे."

कारखान्यानं एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, ऊस घातल्यापासून 14 दिवसांत द्यावी असा कायदा आहे, मावशींना तेही घालायचं होतं. मी घातलं नाही. कारखान्याशी भांडण कॉलेजच्या अर्जात कशाला?

मागणी मात्र स्पष्ट हवी : माफी, सवलत की हप्ते. "योग्य ती मदत व्हावी" यावर साहेब सही तरी कशावर करणार?

लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला कागद जोडा. दूध संस्थेच्या बिलांच्या झेरॉक्स, तहसीलदारांचा चालू उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड. पुराचं नुकसान असेल तर पंचनाम्याची प्रत. 2019 चा पूर मात्र उगाच उकरू नका. त्या वेळी काढलेलं कर्ज अजून फेडत असाल तरच लिहा, आणि हप्त्याची पावती लावा.

त्याआधी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि कोर्स यादीत असेल, तर तिथला फॉर्म आधी भरा.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवा, बघतो" म्हणाले तरी.