मशीन सेल्फ घेत नाही? नवीन बॅटरी आणायच्या आधी हे बघा, आणि पार्ट घेताना पण

पावसाळा संपला की कोल्हापुरात बॅटरीच्या दुकानांत जेसीबी-पोकलेनवाल्यांची गर्दी होते, धंद्यातल्या सगळ्यांना माहिती आहे. जूनपासून मशीन ताडपत्रीखाली उभं, दसऱ्याला पूजा करून चावी फिरवली की नुसती टकटक टकटक आणि पुढं काय नाही. मग लगेच दुकानात फोन, जुनी काढा, नवीन टाका. भावांनो, जरा दमानं. अशा बऱ्याच बॅटऱ्या मेलेल्या नसतात, नुसत्या उतरलेल्या असतात, आणि खरा दोष केबलीत, अर्थिंगमध्ये नाहीतर अल्टरनेटरात (इंजिनवरच्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोत) असतो. तो दोष तसाच राहिला की नवी बॅटरी पण जुनीच्या वाटेनं जाते. म्हणून काय, कुठं, कसं तपासायचं ते नीट लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी एक डिजिटल मीटर घ्या. काही शे रुपयांत मिळतो आणि मशीनच्या टूलबॉक्समध्ये कायम पाहिजेच. मशीन रात्रभर बंद असेल तेव्हा सकाळी चावी लावायच्या आधी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मीटर लावायचा. 12.6 च्या आसपास दाखवलं तर बॅटरी फुल आहे, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, आणि 12 च्या खाली गेली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे, पहिल्यांदा चार्ज करा, मगच तिच्याबद्दल काय ते ठरवा. आत्ताच मशीन बंद केलं असेल तर आकडा खोटा जास्त दिसतो, दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि मग बघा.

पोकलेनवाल्यांनी इथं जास्त लक्ष द्या. तुमच्याकडं 12 च्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात, बरेच जण दोन्हीवर एकत्र मीटर लावतात, 24.4 दिसलं की बरं आहे म्हणून सोडून देतात. पण त्यात एक 12.7 आणि दुसरी 11.7 असू शकते! प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची. आणि दोघींत एवढा फरक का पडला ते शोधायला गेलात तर बऱ्याचदा टेप नाहीतर मोबाइल चार्जर सापडतो, कुणीतरी 12 व्होल्ट पाहिजेत म्हणून एकाच बॅटरीवरून वायर ओढलेली असते. ती एक रोज उतरते, दुसरी रोज गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन उकळते, आणि शेवटी दोन्ही जातात. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो बसवा, ऑपरेटरला गाणी ऐकू देत पण बॅटरी मारून नको.

आता सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, मारताना काय होतंय ते बघायचं. एकानं चावी फिरवायची, दुसऱ्यानं बॅटरीवर मीटर धरायचा. चार्ज असलेली 12 व्होल्टची बॅटरी सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जात असेल तर ती खरंच कमजोर झालीय, बदलायचा विचार करा. पण आकडा 12 च्या वरच राहतोय आणि सेल्फ फिरतच नाही, याचा अर्थ करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. मग कटऑफ स्विच (बॅटरीची लाइन तोडणारा) बघा, फॉरवर्ड-रिव्हर्सचा लिव्हर न्यूट्रलला आहे का बघा, सोलेनॉइड (चावी फिरवली की सेल्फला करंट जोडणारा स्विच) बघा, आणि सगळ्यात आधी केबलीच्या टोकांची थिंबलं बघा. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये दोन मिनिटं तरी सोडा, नाहीतर सेल्फचं वाइंडिंग जळेल आणि खर्च दुप्पट.

केबल तपासायची युक्ती बऱ्याच मेकॅनिकना पण माहिती नसते. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लस खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच. काळी पिन सेल्फच्या मोठ्या बोल्टावर. सेल्फ मारला की मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तेवढा करंट वाटेतच गरम होऊन वाया चाललाय. तसंच मायनसच्या बाजूनं, एक पिन मायनस खुंटीवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर. आपल्याकडं मुरूम आणि चिखलात चालणाऱ्या मशीनचा दोष बहुतेक इथंच निघतो, अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथं बोल्ट केलेली असते तिथं रंगाखाली गंज धरलेला असतो. बोल्ट काढा, पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा, वरून व्हॅसलीन लावा. शून्य रुपयाचं काम आहे.

खुंटीवर जी पांढरी-हिरवी भुकटी येते ती हातानं झाडू नका, ती आम्लाची असते. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशनं धुवा, फेस यायचा थांबला की झालं, पण बॅटरीची बुचं घट्ट बंद पाहिजेत, सोडा आत गेला तर आतलं आम्ल बाद होतं. क्लॅम्प काढताना पहिला मायनस काढायचा आणि जोडताना मायनस शेवटी. उलटं केलं आणि पाना चेसिसला लागला की असा जाळ होतो की पान्याचं टोक वितळतं. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन काढून ठेवा. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट अजिबात नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगी पडली तर बॅटरी फुटते, आम्ल थेट तोंडावर. डोळ्यात गेलंच तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटं पाण्यानं धुवा आणि तडक दवाखाना गाठा.

बॅटरी ठीक, केबल ठीक, तरी रोज उतरते? मग मशीन चालू करून मधल्या रेसवर मीटर लावा. 12 व्होल्टच्या मशीनवर 13.8 ते 14.4 आणि 24 च्या मशीनवर साधारण 27.6 ते 28.8 यायला पाहिजेत. कमी येत असेल तर फॅन बेल्ट ढिला आहे का, अल्टरनेटरचे कार्बन झिजलेत का, मागच्या वायरी हलतायत का हे बघा. 15 च्या वर (24 ला 30 च्या वर) जात असेल तर व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलाय, बॅटरीचं पाणी सारखं कमी होण्याचं कारण हेच असतं, आणि लोक बिचारे पाणी घालत बसतात.

अजून एक चोर असतो. बाहेरून बसवलेला जीपीएस, एलईडी लाइटी, टेप, हे सगळं कटऑफ स्विचच्या आधी थेट बॅटरीला जोडलेलं असतं, म्हणजे कटऑफ बंद केला तरी ते पित राहतं. अर्धा अँपिअर जरी ओढत असेल तरी दिवसाला 12 अँपिअर-अवर गेले, 100 अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत अर्ध्यावर. बाहेरची प्रत्येक वायर कटऑफच्या पुढं घ्या आणि फ्यूज टाकून घ्या.

पाण्याचं सांगतो. फक्त डिस्टिल वॉटर. बोअरचं, नळाचं, फिल्टरचं, यातलं काय पण नको, त्यातले क्षार प्लेटींवर बसतात. प्लेटींच्या वर सेंटीमीटरभर पाणी राहिलं पाहिजे, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी बघा. बॅटरी उतरलेली असेल आणि प्लेटी बुडालेल्या असतील तर आधी चार्ज करा, मग पाणी वाढवा, नाहीतर चार्ज होताना वर येऊन सांडतं. आणि आम्ल कधीच घालायचं नाही, आटतं ते पाणी, आम्ल आतच असतं. हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) असेल तर बॅटरीची सहाही घरं, म्हणजे सेल, बघा, पाच घरं 1.240 दाखवतायत आणि एक 1.180, तर तो सेल गेला, मग ती बॅटरी चार्ज करण्यात वेळ घालवू नका. चार्जिंग लावताना अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्यानं लावा, म्हणजे 120 ची बॅटरी असेल तर 12 अँपिअरनं, सावकाश. अर्ध्या तासात फुल करून देतो म्हणणाऱ्याकडं देऊ नका.

आता पावसाळ्यातली उभी मशीनं. गगनबावडा, राधानगरी, आजरा पट्ट्यात तर चार महिने काम बंदच. मशीन लावताना मायनस काढून ठेवा, महिन्यातनं एकदा चार्जर लावा, बास. काही जण दर आठवड्याला येऊन पाच मिनिटं मशीन चालू करतात आणि समाधानानं घरी जातात, त्यानं नुकसानच होतं, सेल्फनं जेवढं खाल्लं तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही. चालू केलं तर निदान अर्धा-पाऊण तास रेसवर चालू दे, हायड्रॉलिक पण हलवून घ्या. उतरलेली बॅटरी तशीच महिनोन्महिने ठेवली की प्लेटींवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती चार्ज धरत नाही, दसऱ्याला दुकानात जायची वेळ येते ती ह्याच्यानं.

शिरोली, चिखली, आंबेवाडी या बाजूला नदीकाठी मशीन लावणाऱ्यांनी 2019 आणि 2021 चे महापूर विसरू नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, 39 ची बातमी यायची वाट न बघता मशीन उंचावर काढा. पाण्यात गेलंच तर ओसरल्यावर उत्साहानं चावी फिरवू नका, इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी काढा, ऑइल, डिझेल, एअर फिल्टर, वायरिंगची सॉकेटं सगळं उघडून बघितल्यावरच सेल्फ.

दुसऱ्या गाडीवरून चालू करायचं असेल तर आधी व्होल्ट बघा. हायवा, मोठे डंपर बहुतेक 24 चे असतात आणि जेसीबी 12 चा, एकमेकांना जोडलं की इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), मीटर पॅनल सगळं खलास. व्होल्ट सारखे असतील तर प्लसला प्लस, आणि मायनसचं शेवटचं टोक बंद मशीनच्या बॅटरीवर न लावता लांब इंजिनच्या लोखंडावर. बकेटला वेल्डिंग मारताना पण आधी बॅटरी सोडवा, इसीएमचं सॉकेट काढा, आणि वेल्डिंगची अर्थ जिथं टाका मारायचाय त्याच्या अगदी जवळ लावा. नवीन बॅटरी घेताना पोकलेनला जोडीच घ्यायची, एकाच कंपनीची, एकाच अँपिअरची, बनवल्याची तारीख जवळजवळची. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख समोर उभं राहून घालून घ्या.

पार्टचं पण तेच, तपासल्याशिवाय घेऊ नका आणि नंबराशिवाय मागू नका. "थ्रीडीएक्सचा (जेसीबीचं मॉडेल) पिन द्या" म्हणून पार्ट मागितला की जो येईल तो बसेलच असं नाही, मॉडेल एकच असलं तरी वर्षाप्रमाणं पार्ट बदलतात. मशीनच्या प्लेटवरचा सिरियल नंबर आणि इंजिन नंबर, दोन्हीचा फोटो मोबाइलमध्ये कायम ठेवा. इंजिनचे, ब्रेकचे, हायड्रॉलिक पंपाचे पार्ट आणि सगळे फिल्टर कंपनीचेच घ्या, यात लोकल माल स्वस्त पडत नाही. बकेटचे दात, पिन, बुश (पिन ज्यात फिरतो ती लोखंडी बाही) मात्र आपल्याकडं चांगले मिळतात, फाउंड्री आणि टर्नरचं गाव आहे हे, फक्त स्वस्तातला मऊ दात काळ्या दगडात लगेच झिजतो हे लक्षात ठेवा, विकणाऱ्याला हार्डनिंग केलंय का ते विचाराच.

पिन-बुशकडं दुर्लक्ष सगळ्यात महाग पडतं. बकेट जमिनीवरून थोडी उचलून बाजूला कुणीतरी पहारीनं हलवून बघा, खटखट वाजत असेल तर बुश गेलाय. आत्ता बुश बदलला तर थोडक्यात सुटतं, नाहीतर बुमचं भोकच लांबट होतं आणि मग उद्यमनगरातल्या वर्कशॉपात वेल्डिंग भरून लाइन बोरिंग (भोक परत गोल कापणं) करून घ्यावं लागतं, मशीन उभं ते वेगळंच. रोज सकाळी ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत गन मारा. एखाद्या निपलातून ग्रीस जातच नसेल तर निपल बदला, तो दहा-वीस रुपयांचा असतो. दात अडॅप्टरपर्यंत (दात ज्यावर बसतो तो भाग) झिजायच्या आधी काढा.

होस पाइप फुटला तर जुना पाइप सोबत घेऊन जा, लांबी, आतल्या भोकाचा व्यास, दोन्ही टोकांचे आटे आणि वायरचे थर जुळले पाहिजेत, फोर वायरच्या जागी टू वायर लावला तर भर कामात फुटतो. काढायच्या आधी बकेट जमिनीवर टेका, इंजिन बंद करून सगळे लिव्हर हलवा म्हणजे प्रेशर जाईल. आणि लीक कुठंय ते हातानं कधीच चाचपू नका, बारीक भोकातून येणारं ऑइल कातडी फोडून आत जातं, बाहेरून सुईएवढीच जखम दिसते पण बोट कापायची वेळ येऊ शकते. पुठ्ठा धरून बघा.

डिझेलच्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी रोज काढा, पावसात तर विसरूच नका.

आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो आम्ल गटारीत ओततो. 2022 च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनी वापरलेली बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलीय, नवीन घेताना दुकानदाराकडंच जमा करा आणि जुनीचे पैसे बिलातून वजा झाल्याचं लिहून घ्या.