मोबाइलच्या जीपीएसवरून समुद्रसपाटीपासूनची उंची कशी काढावी

अलिबागच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत उभे राहून अँड्रॉइड मोबाइलमधील जीपीएसची मूळ उंची पाहिली, तर ती उणे ६० मीटरच्या आसपास दिसते. मोबाइल बिघडलेला नसतो. तो उंची समुद्रापासून मोजतच नाही.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेची नोंद असलेले संकेत पाठवतात. किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून मोबाइल आपले तीन सहनिर्देशक आणि आपल्याच घड्याळाची चूक, अशा चार अज्ञात राशी सोडवतो. हे सहनिर्देशक पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेले असल्याने त्यांतून उंची काढण्यासाठी एक गुळगुळीत गणिती पृष्ठ गृहीत धरावे लागते. डब्ल्यूजीएस-८४ नावाचे हे एलिप्सॉइड विषुववृत्तावर ६,३७८.१३७ किलोमीटर त्रिज्येचे असून ध्रुवांपाशी सुमारे २१ किलोमीटरने चपटे आहे. समुद्राला मात्र हे गणित ठाऊक नाही. पृथ्वीच्या पोटातील वस्तुमान सर्वत्र सारखे नसल्यामुळे भरती, वारा आणि प्रवाह वगळलेली समुद्रपातळीही कुठे फुगलेली, कुठे खचलेली असते. हीच पातळी जमिनीखालूनही पुढे नेली, की जे पृष्ठ मिळते त्याला जिऑइड म्हणतात. श्रीलंकेच्या दक्षिणेला ते एलिप्सॉइडच्या सुमारे १०६ मीटर खाली, म्हणजे जगात सर्वाधिक खाली आहे आणि महाराष्ट्र त्याच विस्तीर्ण खळग्याच्या उतारावर येतो. पृथ्वीचे गुरुत्व मोजण्यासाठी २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस मोहिमेतील दोन उपग्रह एकामागोमाग सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून फिरत. पुढच्यावर गुरुत्वाचा ओढा वाढला की हे अंतर किंचित बदले, आणि त्या बदलांतून जिऑइडचे चित्र अधिक स्पष्ट होत गेले.

आता प्रत्यक्ष मोजणी. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल एकाच जागी दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवून वाचनांची सरासरी घ्यावी. सर्व उपग्रह आपल्या वरच्याच बाजूला असल्याने उंचीतील चूक आडव्या स्थानातील चुकीपेक्षा जास्त असते. एका वाचनावर विसंबू नये. त्यानंतर ॲप कोणती उंची दाखवते हे तपासावे, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. अँड्रॉइड प्रणाली मुळात एलिप्सॉइडपासूनची उंची देते, आयफोन समुद्रसपाटीपासूनची. काही ॲप दुरुस्ती आधीच करून टाकतात, आणि त्यावर पुन्हा दुरुस्ती केल्यास ६० मीटरची नवी चूक पदरी पडते.

मूळ, म्हणजे एलिप्सॉइडपासूनची उंची हाती असल्यास ईजीएम-२००८ या जिऑइडच्या जागतिक प्रतिमानाच्या ऑनलाइन गणकात अक्षांश-रेखांश भरून त्या ठिकाणची जिऑइडची उंची घ्यावी आणि ती चिन्हासकट वजा करावी. आपल्याकडे ती ऋण असल्यामुळे वजाबाकीची बेरीज होते: कळसूबाईच्या माथ्यावर मोबाइल साधारण १,५८६ मीटर दाखवत असेल, तर १,५८६ वजा (−६०), म्हणजे १,६४६ मीटर.

पडताळणीसाठी रेल्वे स्थानकाचा पिवळा फलक उत्तम, कारण नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. उत्तर पाच-दहा मीटरच्या आत आले, तर मोबाइलकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये; फरक ६० मीटरच्या घरात असेल, तर दुरुस्ती राहून गेली की दोनदा झाली हे तपासावे, आणि १२० मीटरच्या घरात असेल, तर आधी चिन्ह तपासावे.